सिलिकॉनसम्राटांस खुले पत्र

प्रति,
उस्ताद,
हायवेलगतचं गॅरेज, वडाखाली.

विषय : एक्झॉस्ट गॅस्केट न बदलता ते बदलल्याबद्दल जाहीर आभार.

उस्ताद, स. न. वि. वि.

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक यायची आणि इंजिन तापलं की थांबायची. आपण ती भर दुपारी, तापल्या इंजिनावर ऐकलीत आणि निकाल दिलात, ‘टॅपेट वाजतायत. चालतंय की.’ पुस्तकी मंडळी म्हणतात, सिलिंडर हेड आणि जळका वायू गोळा करून नेणारा मॅनिफोल्ड यांच्यामधलं गॅस्केट फुटलं की थंड इंजिनात फट उघडी राहते आणि धातू तापून फुगला की मिटते. म्हणून आवाज ऐकायचा तो इंजिन थंड असताना, आणि जोडावर काजळीचा काळा ओघळ दिसतो का तेही पाहायचं. पण एवढं वाकून पाहणं आपल्या इभ्रतीला शोभलं नसतं.

मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एक्झॉस्टमधला दाब धक्क्याधक्क्याने चढतो-उतरतो. तो उतरला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. त्याच्या शब्दाखातर कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज ढासळतं. सेन्सर बिचारा त्याला दिसलं ते इमानाने सांगत होता. आपण तोच बदललात. आजार म्हशीला, औषध पखालीला; पखालीचं बिल मी भरलं.

दिवा पुन्हा लागला, तेव्हा कुठे मॅनिफोल्ड उघडण्याचा योग आला. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवायचं, ही भित्र्यांची रीत. आपण पान्याला हातभर पाइप लावलात, स्टड ‘कट्’कन मोडला आणि आपण उद्गारलात, ‘गाडीच जुनी आहे.’ नंतर ॲल्युमिनियमच्या हेडवर छिन्नीने जी नक्षी काढलीत, तिला तोड नाही. तिथे नुसता ओरखडा राहिला तरी वायूला वाट मिळते, म्हणून ती जागा हलक्या हाताने साफ करून, वर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज जातो का पाहायचं असतं. पण सरळ पट्टी आपल्या गॅरेजात फक्त चहाचा हिशेब आखायला.

जुनंच गॅस्केट परत बसवण्याची काटकसर तर थोरच. हल्लीचं गॅस्केट बहुधा स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेलं असतं. त्यावरचे उठाव नट आवळताना दबतात आणि फट बुजवतात. एकदा दबले की पूर्वीसारखे उठत नाहीत. ही उणीव आपण तांबड्या सिलिकॉनने भरून काढलीत. त्या ट्यूबवर साधारण ३०० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते आणि पेट्रोल इंजिनाचा जळका वायू जोरात चालवताना ८०० अंशांच्या वर जातो. पण छापील गोष्टींवर विश्वास ठेवणं आपल्या स्वभावात नाही. त्याच सिलिकॉनच्या वाफांनी नवा सेन्सर आंधळा होऊ शकतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकीचीही सोय.

आणि आवळणं! चाळीस सेंटीमीटरचा बिडाचा मॅनिफोल्ड ६०० अंशांपर्यंत तापला की सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. शेजारचं, पाण्याने थंड राखलेलं हेड मिलिमीटरभरही वाढत नाही. एवढी सरकासरकी त्या गॅस्केटवरच होते. म्हणून नट मधून सुरू करून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळायचे. बेसुमार आवळलं की सरकायला जागा उरत नाही आणि स्टड तरी तुटतो, नाहीतर मॅनिफोल्ड तडकतो. आपण एका टोकापासून सुरुवात केलीत आणि दंड दुखेपर्यंत थांबला नाहीत.

‘पीयूसी पास झाली ना?’ हा आपला शेवटचा सवाल बिनतोड होता. पीयूसीवाला नळी घालतो मागच्या सायलेन्सरमध्ये. गळती होती पुढे, बॉनेटखाली. बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेच्या पायथ्याशी, गाडीत ताजी हवा घेणारी जाळी असते. गळक्या वायूतल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि मागच्या सीटवर मुलं झोपलेली. इथे मात्र उपरोध सुचत नाही, उस्ताद.

आपल्या कर्तृत्वाची धास्ती घेऊनच की काय, कंपन्यांनी हा जोडच काढून टाकायला घेतला आहे. फोक्सवॅगनच्या ईए२११ मालिकेसारख्या इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. पण निराश होऊ नका. टर्बोच्या तोंडाशी एक गॅस्केट आपल्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

आपला कृपाभिलाषी,
एक गिऱ्हाईक

ता. क. : आपण वाचवलेल्या पैशांचा हिशेब सोबत जोडला आहे : ऑक्सिजन सेन्सर, मोडका स्टड ड्रिल करून काढण्याची मजुरी, हेड उतरवून फेसिंग, नवे स्टड-नट, आणि गॅस्केट. काहीशे रुपयांची ओळ एकच आहे, सगळ्यात खालची.