नवे ग्राफिक्स कार्ड आणि अडखळणारा गेम : घरगुती कार्यवाहीची नियमावली

लागू क्षेत्र : पालघर, बोईसर, तारापूर आणि उमरोळीपासून वाणगावपर्यंतची ती सर्व घरे, जिथे दिवाळीच्या बोनसमधून ग्राफिक्स कार्ड आले, जुने निघाले, नवे बसले आणि गेम पूर्वीपेक्षा जास्त अडखळू लागला. ज्यांचा गेम सुरळीत चालतो आहे त्यांनी हे वाचू नये. ते वाचणारही नाहीत, ते खेळत असतील.

प्रथम शांत राहावे. कार्ड बसल्यापासून तासाभरात घरात अनेक मते व्यक्त होतात, ती होऊ द्यावीत. पप्पा म्हणतात, "एवढे पैसे घालून आधीचंच बरं होतं." आईच्या मते दोष रात्री दोन वाजता खेळण्यात आहे. मित्र फोनवर म्हणतो, "विंडोज उडव, नवी टाक." या मित्राला काहीही सांगितले तरी तो हेच सांगतो, प्रिंटर चालत नसला तरी. विंडोज नवी टाकणे हा उपचार नव्हे, उत्तरकार्य आहे. ते शेवटी करतात.

यानंतर वरच्या मजल्यावरचे काका येतात. बोईसरच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी काका असा असतो ज्याने एमआयडीसीत उभी हयात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली आहे. ते चपला दाराबाहेर काढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि गेमकडे न बघता थेट प्लगकडे जातात.

"अर्थिंग बघितलंस का?"

"काका, गेम अडकतोय."

"तेच म्हणतोय मी. अर्थिंग बघितलंस का?"

मल्टिमीटरची लाल पिन फेजमध्ये, काळी न्यूट्रलमध्ये : २२८. मग न्यूट्रल आणि अर्थ : १४. काका सावकाश मान वर करतात. "चौदा व्होल्ट! हा बघ तुझा गेम." काकांना चहा द्यावा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चौदा व्होल्ट ही गोष्ट चांगली नाहीच, आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे. परंतु गेम त्यामुळे अडखळत नाही. विजेचा आणि अडखळण्याचा संबंध आपल्याकडे उगाच जोडला जातो. बरेचसे चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही काम करतात. पुरवठा खरोखरच कमी पडला तर संगणक बहुधा सरळ बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो; मधल्या मध्ये रखडत बसण्याची सभ्यता तो दाखवत नाही. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, चारही संच धरून त्याची स्थापित क्षमता १४०० मेगावॅट. आरटीएक्स ४०६० कार्डाला लागतात ११५ वॅट. तरीही संध्याकाळी दिवे लुकलुकतात, कारण केंद्राची वीज ग्रिडमध्ये जाते आणि तुमच्या घरी येते ती नाक्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून. हा विषय गेमपेक्षा मोठा असल्याने इथेच थांबवावा. फक्त यूपीएसवर ६०० व्हीए लिहिले असेल तर ते साधारण ३६० वॅट धरावेत, आणि प्रिंटर त्यावरून काढावा.

आता मूळ तक्रार नीट समजून घ्यावी. पप्पांना स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला जातो : सेकंदाला ७५ चित्रे. पप्पा विचारतात, मग रडतोस कशाला? इथे डहाणू लोकलचे उदाहरण द्यावे, ते या पट्ट्यात सर्वांना समजते. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. दिवसभरात किती गाड्या गेल्या हा आकडा चांगलाच दिसतो. पण वैतरणा आणि सफाळ्याच्या मध्ये मागच्या मेलला वाट देण्यासाठी जी गाडी उभी राहते, तिच्यात उभ्याने प्रवास करणाऱ्याला तो आकडा सांगून बघा. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदात यायला हवे. एकोणसाठ चित्रे वेळेवर आली आणि एक ८० मिलिसेकंद उशिरा आले, तर सरासरी जवळपास तीच राहते आणि गेममधली गाडी मात्र भिंतीवर आदळते. म्हणून सरासरी बघू नये. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यांतून 'फ्रेम टाइम'चा आलेख स्क्रीनवर लावावा. सपाट रेघ म्हणजे आरोग्य. मध्येच उंच सुळका म्हणजे आजार.

आलेख लागला की कॅबिनेटच्या मागे जावे. ही पायरी बहुतेकांना अपमानास्पद वाटते आणि बहुतेक वेळा दोष इथेच निघतो. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरावा, टेबल भिंतीपासून ओढावे, कोळ्याचे जाळे बाजूला करावे. वर उभ्या रांगेत यूएसबी, कीबोर्ड, स्पीकर यांच्या शेजारी जे एचडीएमआयचे भोक आहे ते मदरबोर्डचे. खाली आडव्या पट्टीवर, अजून प्लॅस्टिकची टोपी असलेले, ते नव्या कार्डाचे. मॉनिटरची केबल वरच्या भोकात असेल तर आपण नवे कार्ड विकत घेऊन आतमध्ये शोभेसाठी ठेवले आहे, आणि गेम प्रोसेसरमधल्या फुकटच्या ग्राफिक्सवर चालला आहे. चित्र येते, म्हणून माणूस गाफील राहतो. केबल खाली लावावी आणि या गोष्टीचा घरात उल्लेख करू नये.

त्यानंतर ड्रायव्हर. जुने कार्ड आणि नवे कार्ड एकाच कंपनीचे असेल तर नवा ड्रायव्हर 'क्लीन इन्स्टॉल'ची खूण करून टाकला तरी बरेचदा भागते. कंपनी बदलली असेल तर मात्र जुन्याचा मागमूस ठेवू नये. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचे छोटे सॉफ्टवेअर आहे, ते सेफ मोडमध्ये चालवावे. आधी वायफाय बंद करावे, नाहीतर तुम्ही जुना ड्रायव्हर पुढच्या दाराने हाकलत असताना विंडोज स्वतःच्या आवडीचा एक ड्रायव्हर मागच्या दाराने आत घेते. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असे नाही, मूळ पासवर्ड लागू शकतो. तो पासवर्ड २०१९ साली बहिणीने टाकला होता आणि ती आता पुण्यात असते. आधी तिला फोन करावा.

नव्या कार्डानंतरच्या पहिल्या संध्याकाळचा निकाल ग्राह्य धरू नये. यावर मी आग्रही आहे, कारण निम्मी कार्डे याच संध्याकाळी बदनाम होतात. गेममधला प्रकाश, पाणी, धूर, गवत या सगळ्यासाठी 'शेडर' नावाचे छोटे प्रोग्रॅम असतात, आणि ते त्या त्या कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी नव्याने तयार करावे लागतात. जुन्या कार्डासाठी साठवलेले नव्याला चालत नाहीत. काही गेम हे काम सुरुवातीलाच, पट्टी दाखवून करतात. तिथे चिरंजीव 'स्किप' दाबतात आणि मग पहिला स्फोट बघताना गेम अर्धा सेकंद गोठला की कार्डाला शिव्या घालतात. काही गेम पट्टी न दाखवताच खेळता खेळता करतात, त्यांच्यावर इलाज नाही. त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांदा जावे. पहिल्यांदा जिथे अडखळला तिथे दुसऱ्यांदा अडखळला नाही, तर कार्ड निर्दोष आहे. पट्टी चालू असताना जेवून घ्यावे. आईचा मान राहतो आणि पट्टीही पूर्ण होते.

आता अवघड भाग. समजा घरात २०१७ सालचा आय५-७४०० प्रोसेसर आहे, जीटीएक्स १०५० टीआयसोबत आणलेला, आणि त्याच्याशेजारी २०२३ साली बाजारात आलेले आरटीएक्स ४०६० बसवले. जुने कार्ड इतके सावकाश होते की चार कोर आणि चारच थ्रेड असलेला प्रोसेसर मध्ये मध्ये पाय पसरून बसू शकत होता. नव्या कार्डाचे काम झटक्यात उरकते आणि ते पुढचे काम मागते. मग आलेखात दिसते ते असे : कार्ड ५५ टक्के, प्रोसेसर १०० टक्के, आणि शहरातल्या गर्दीत वळले की सुळका. म्हणजे कार्डाने काही बिघडवलेले नाही. आधीपासून बिघडलेले उघडे पाडले आहे. घरात नव्याने आलेल्याचा हा गुन्हा आपल्याकडे लवकर माफ होत नाही.

उपाय उलटा वाटतो, पण करावा. चित्राची गुणवत्ता कमी करू नये. तो भार कार्डावर असतो आणि कार्ड रिकामेच बसले आहे. कमी करायची ती रस्त्यावरची गर्दी, वाहनांची संख्या आणि दूरवर दिसण्याचे अंतर, कारण त्यांचा हिशेब प्रोसेसर ठेवतो. आणि चित्रांच्या संख्येला लगाम घालावा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना गेम कधी ७० तर कधी ११० चित्रे काढत असेल, तर जास्तीची कोणालाच दिसत नाहीत आणि प्रोसेसर दमतो. रिव्हाट्यूनरमध्ये मर्यादा ६० लावावी. पप्पांना आकडा कमी झालेला दिसेल. त्यांना रेघ दाखवावी.

रॅम ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशाच दुसऱ्या पट्टीइतका स्वस्त उपाय नाही. दोन पट्ट्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत बसल्या की मेमरी दोन वाटांनी चालते. आपल्याकडे रॅम काढून खोडरबरने घासण्याची प्रथा आहे. समुद्राकडच्या दमट हवेत टोकांवर थर बसतो, संगणक सुरूच होत नसेल तेव्हा घासण्याचा उपयोग होतोही. अडखळणाऱ्या गेमवर खोडरबर चालत नाही. हार्ड डिस्कवर टाकलेल्या मोठ्या मोकळ्या जगाच्या गेमवरही कशाचाच उपाय चालत नाही. तो एसएसडीवर हलवावा.

४०६० ची स्वतःची एक खोड आहे. मेमरी ८ जीबी, आणि मदरबोर्डशी बोलायला सोळाऐवजी आठच वाटा. मदरबोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसचा असेल तर या आठ वाटांचा वेग निम्मा होतो. एरवी हे जाणवत नाही. पण 'टेक्श्चर' अल्ट्रावर ठेवून कार्डाची मेमरी भरली, की उरलेला माल याच अरुंद वाटेने रॅममध्ये जा-ये करू लागतो आणि सुळके सुरू होतात. टेक्श्चर एक पायरी खाली आणावे. फरक शोधूनही सापडत नाही.

उष्णतेचे काय ते कॉम्प्युटर टेबलाला विचारावे. या टेबलाला कॅबिनेटसाठी दारवाला कप्पा असतो, दाराला किल्ली असते, आणि कॅबिनेटवर क्रोशाचा रुमाल असतो. एनव्हिडियाची बरीच कार्डे ८३ अंशांच्या आसपास पोहोचली की वेग उतरवू लागतात, आणि त्या कप्प्यात मे महिन्यात तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. कॅबिनेट बाहेर काढावे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. खंडेनवमीला कुंकू कॅबिनेटला बाहेरून लावावे, आणि अक्षता पंख्याच्या दिशेने टाकू नयेत. गेम नीट चालू आहे पण टेबल आणि कपाटातली भांडी हलत आहेत, असे असल्यास हे मार्गदर्शन लागू नाही. डहाणू-तलासरीकडे २०१८ पासून धक्के जाणवत आले आहेत, उघड्यावर जावे.

रायझन प्रोसेसरवाल्यांसाठी एक वेगळी नोंद. गेमच नव्हे तर गाणेसुद्धा अधूनमधून क्षणभर अडखळत असेल, तर तो एफटीपीएमचा जुना दोष असू शकतो. एएमडीने तो २०२२ मध्ये मान्य केला आणि उपाय बायोस अपडेटमध्ये दिला. हे अपडेट पहिल्या पावसाच्या संध्याकाळी, यूपीएसशिवाय करू नये. वाऱ्याने एक झावळी तारेवर पडली की मदरबोर्ड गेला.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गेममधली तीच जागा, तोच रस्ता, तेवढाच वेळ, आणि आलेख कसा आला ते वहीत लिहावे. आपल्याकडे एका रविवारी ड्रायव्हर, रॅम, केबल आणि देवघराची दिशा एकदम बदलली जाते, गेम सुधारतो आणि श्रेय देवघराला जाते.

हे सर्व करूनही सुळके राहिले, तर जुने कार्ड परत बसवून, ड्रायव्हर नव्याने टाकून, तीच जागा तशाच सेटिंगवर खेळून बघावी. जुन्यावर रेघ सपाट आणि नव्यावर नाही, तरच नव्याला दोषी धरावे. म्हणून जुने कार्ड महिनाभर तरी विकू नये, नव्याचा खोका रद्दीत देऊ नये, आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची छपाई वॉरंटीच्या आधी उडते. बदलून घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकाने बंद असतात.