शंभराखालची बट्टी

जिभाऊंना शंभर माणसांच्या खालचा स्वयंपाक येत नाही. चहासुद्धा येत नाही. घरात ते पाण्याचा तांब्याही स्वतःच्या हाताने भरून घेत नाहीत. पण धुळ्यात देवपूरच्या आसपास कुठे साखरपुडा, बारसं, भंडारा किंवा निवडणूक जिंकल्याची पार्टी असो, आदल्या संध्याकाळी बनियनवर, खांद्याला टॉवेल टाकून उभा असलेला जो माणूस दिसतो, ते जिभाऊ. असा एक जिभाऊ खानदेशात प्रत्येक गल्लीत असतो. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे नाना. कोणाचाही सख्खा नसतो आणि सगळ्यांच्या वरण-बट्टीला हजर असतो.

आमंत्रणात त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच : "कितला मानसं?" तारीख, निमित्त, नवरा-नवरीचं नाव हे सगळं नंतर. आकडा ऐकला की ते डोळे मिटतात आणि हिशेब सांगतात. माणसी शंभर ग्रॅम पीठ, गहू जाडसर दळलेला, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ आणि मोहन "हात आखडता न घेता". मोहनाचं माप त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही, कारण विचारणाऱ्याकडे ते असं बघतात की त्याला आपल्या खानदानाबद्दल शंका येऊ लागते.

बट्टीचं खरं मर्म आदल्या रात्रीत आहे. पीठ घट्ट मळायचं, लाटून तेल लावून गुंडाळायचं, त्या उंड्यांना चाळणीवर ठेवून वाफ द्यायची, आणि मग झोपायचं. हे झोपणं महत्त्वाचं. गरम उंडा कापला की चुरा होतो. रात्रभर गार झालेल्या उंड्याचे सकाळी सुरेख काप पडतात, आणि मंद आचेवर तळले की पापुद्रे सुटत जातात. दोनशे माणूस दहा वाजता पानावर बसवायचं असेल तर असा पदार्थ दुसरा नाही. अर्धं काम काल झालेलं, उरलेलं कढईचं.

आता या आदल्या रात्रीत पीठ मळतं कोण? गल्लीतल्या पाच-सहा बाया. लाटतं कोण? त्याच. वाफ कोण बघतं? त्यातली सगळ्यात म्हातारी. जिभाऊ त्या वेळी खुर्चीवर बसून पूर्वीच्या पंगतींच्या गोष्टी सांगत असतात. पहाटे पाचला मात्र ते आंघोळ करून येतात, पहिला काप तोंडात टाकतात, आभाळाकडे पाहतात आणि म्हणतात, "मीठ कमी शे." मीठ कधीच कमी नसतं. पण हे वाक्य झाल्याशिवाय कढई चढत नाही, आणि बायाही तोपर्यंत गालातल्या गालात हसून घेतात. (घोटलेल्या वांग्याच्या भाजीच्या वाटेला ते जात नाहीत. तिथे वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, असतात.)

जिभाऊंची सासुरवाडी जळगावकडची, यावल तालुक्यातली. तिकडे थंडीत शेतात भरताच्या पार्ट्या झडतात, कळण्याच्या भाकरी थापल्या जातात, आणि जिभाऊंचे मेहुणे भरीत या विषयावर अर्धा तास न थांबता बोलू शकतात. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, ते याच मेहुण्या-मेहुण्यांसाठी असावेत असा माझा कयास आहे. त्यात २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी मेहुण्यांनी फोनवर दोनदा वाचून दाखवली. जिभाऊ त्यानंतर आठवडाभर गप्प होते. "वांगं झाडाले लागस," ते शेवटी म्हणाले, "त्यात मानसाची काय अक्कल? बट्टी करनी पडस!"

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाने पुण्यात नवा फ्लॅट घेतला आणि सोसायटीतल्या लोकांना रविवारी 'ब्रंच'ला बोलावलं. जिभाऊंना हा शब्द कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला. न्याहारीही नाही आणि जेवणही नाही, अकरा वाजता मधलंच काहीतरी, असं समजल्यावर ते खूश झाले. "म्हंजे आपली भंडाऱ्यानी पहिली पंगत!"

माणसं तीस. मुलाने तीन-तीनदा सांगितलं, बाबा, तीस. जिभाऊ धुळ्याहून रात्रीच्या बसने निघाले ते दोन स्टीलचे डबे आणि एक गोणपाट घेऊन. ओल्या पंचात गुंडाळलेले वाफवलेले उंडे, शंभर माणसांचे. "त्याखाली हिशेब बसत नाही," एवढंच स्पष्टीकरण. गोणपाटात गोवऱ्या होत्या. त्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडवल्या, आणि जिभाऊंनी पुण्याबद्दलचं आपलं मत तिथेच कायम केलं. सून शहाणी. तिने सकाळीच कढई चढवून, पहिला काप बशीत त्यांच्यापुढे धरला. जिभाऊंनी चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून आभाळ शोधलं, सापडलं तेवढ्याकडे पाहिलं आणि मीठ कमी असल्याचं जाहीर केलं.

शेजारच्या एका बाईंनी बट्टी सुरीने कापायला घेतली. जिभाऊ उठले, त्यांच्या ताटातली बट्टी स्वतःच्या मुठीत कुस्करली, वर वरण ओतलं, वर तूप, आणि "आते खा, माय," म्हणाले. बाई आधी दचकल्या, मग तिसऱ्यांदा वाढून घेतलं. दुसऱ्या एकाने कृती मागितली, चौघांपुरती. जिभाऊंनी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि शंभराची सांगितली. उरलेले उंडे आजही त्या इमारतीतल्या सात फ्रीजरांमध्ये आहेत असं सून सांगते.

परतल्यावर दोन दिवस त्यांनी गल्लीत पुणं पुरवून पुरवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, वहिनींनी विचारलं, "बट्टी करू का आज? पीठ तुम्ही मळा. पुण्याला म्हणे भारी झाली."

"कितला मानसं?"

"दोन. तुम्ही नि मी."

जिभाऊंनी पेपर उचलला.