आजी आता शांत आहेत

"आजी आता शांत आहेत हो," वृद्धाश्रमातल्या सिस्टरनी फोनवर सांगितलं आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

माझी मावशी बदलापूर पूर्वेला एका बंगल्यातल्या वृद्धाश्रमात होती. वय 82. सगळा संसार उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये झालेला. भाजीवाल्याशी अर्धं सिंधीत, अर्धं मराठीत भांडून कोथिंबीर फुकट आणणारी बाई. ती शांत झाली म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती. रविवारी गेलो, तर खुर्चीत मान टाकून बसलेली. तोंडात भाताचा घास तसाच.

औषधांचा डबा मागून घेतला. आत कात्रीने कापलेल्या पट्ट्या. पाच-पाच गोळ्यांसाठी पट्टी कापली की नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. अकरा तऱ्हेच्या गोळ्या होत्या. फाइलीत चार डॉक्टरांचे कागद, आणि चौघांपैकी कुणीही दुसऱ्याचा कागद पाहिल्याची खूण नाही.

अंबरनाथच्या एका जुन्या फिजिशियनांकडे ती फाइल नेली. त्यांनी सगळे कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले, तेव्हा कुठे उलगडा झाला. बीपीसाठी अॅमलोडिपिन सुरू झालं, त्याने पाय सुजले. सुजेवर पाणी उतरवायची गोळी आली. मग रात्रीतून पाच-पाच वेळा उठणं, कपडे ओले होणं, म्हणून लघवी आवरायला ऑक्सिब्युटिनिन. या औषधाने म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. मावशी रात्री-अपरात्री वारलेल्या काकांना हाका मारायला लागली, तेव्हा चौथ्या डॉक्टरांनी क्वेटियापिन हे मनोविकारावरचं औषध लिहिलं. आणि आजी शांत झाल्या. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी, दुसरीचा झाकायला तिसरी. सूज पायाची नव्हती, गोळीची होती. सूज कशाने आली, एवढं विचारायला एक माणूस पुरला असता.

यात अज्ञात असं काही नाही. म्हाताऱ्यांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत याची यादी मार्क बीअर्स या अमेरिकी डॉक्टरने 1991 मध्ये केली, आणि ती नर्सिंग होममधल्या, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमांतल्या, वृद्धांसाठीच केली. अमेरिकेतली वृद्धचिकित्सकांची संघटना ती सुधारत आली आहे, 2023 मध्येही सुधारली. त्यातली नावं आपल्या घरोघरच्या डब्यांत सापडतील. झोपेसाठी घेतलेलं डायझेपाम उतारवयात शरीरातून निघायला कित्येक दिवस घेतं. माणूस तोल जाऊन पडतो, खुब्याचं हाड मोडतं. सर्दीच्या साध्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनने लघवी तुंबते, डोकं गोंधळतं. साखरेसाठीच्या ग्लिबेनक्लामाइडने साखर धोका होईल इतकी उतरू शकते. क्वेटियापिनच्या जातीच्या औषधांबद्दल तर अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2005 मध्येच इशारा दिला: डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत ही औषधं घेणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण, न घेणाऱ्यांच्या सुमारे 1.6 ते 1.7 पट.

अमेरिकेतल्या 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममध्ये कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी म्हाताऱ्यांना औषधाने जखडायला मनाई केली. महिन्यातून एकदा फार्मासिस्टने प्रत्येकाची औषधं तपासायची, असाही तिथे नियम आहे. आपला ज्येष्ठ नागरिकांचा कायदा 2007 चा. त्याच्या कलम 20 मध्ये सरकारी रुग्णालयात खाटा आहेत, वेगळी रांग आहे. वृद्धाश्रमातला गोळ्यांचा डबा कुणी उघडून पाहायचा, हे त्या कलमात नाही.

वृद्धाश्रम चालवणाऱ्यांवर मी सगळं ढकलणार नाही. रात्रपाळीला वीस जणांमागे एकच बाई असेल, तर झोपेची गोळी ही तिथली दुसरी बाई होते. त्या एकट्या बाईला रात्री तीनला हाका मारणारी म्हातारी कशी आवरणार? पण मग माणसं वाढवा. आणि आपण मुलं-भाचे महिन्यातून एकदा लोकलने येतो, फळं ठेवतो, "त्रास देत नाही ना?" असं विचारतो. हा प्रश्न आपण आधी बंद करायला हवा. जेवते का, बोलते का, कुठे पडली का, असं विचारा. डबा उघडा. सगळे कागद एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि गोळीगणिक विचारा, ही कशासाठी, आणि कधीपर्यंत? आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत औषधाची दुकानं पावलोपावली आहेत, प्रत्येकावर फार्मासिस्टचं नाव आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांतल्या पालिकांनी या फार्मासिस्टना महिन्यातून एक दुपार जवळच्या वृद्धाश्रमात पाठवावं. पट्ट्या न कापता द्याव्यात, ही त्यांना माझी वेगळी विनंती.

फिजिशियनांनी मावशीच्या गोळ्या तीन महिन्यांत, एकेक करत, अकरावरून चारवर आणल्या. बीपीचं औषध बदललं तशी पायाची सूज उतरली. दिवाळीच्या आधी ती मला म्हणाली, "हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?" सिस्टर हसल्या. मी फाइल उघडून पाहिली. दोन वर्षांच्या कागदांमध्ये एकाच कागदावर 'बंद' हा शब्द होता, खाली तारीख आणि सही.