गाडीखान्यातलं बिऱ्हाड

१ जुलै १९९८ला नंदुरबार धुळ्यातून वेगळं होऊन जिल्हा झालं आणि आमच्या गल्लीत राहायच्या खोल्यांना एकदम भाव आला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून बदलीवरची माणसं आली. ज्याच्याकडे तीन भिंती आणि वर पत्रा होता, तो त्यात एखादं बिऱ्हाड मावेल का, याचा अदमास घेऊ लागला. आमच्याकडे गाडीखाना होता. आजोबांच्या वेळी तिथे बैलगाडी असे, पुढे वडिलांची जीप आली, जीप विकल्यावर पथारीवर वाळवून उचललेल्या मिरचीची पोती आली. माणसाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

रंग दिला, मोरी काढली, खिडकी पाडली. शटर मात्र तसंच ठेवलं, कारण त्याला पैसे पडले होते. त्यामुळे भाडेकरू साहेब रोज सकाळी खडखडाट करत दुकान उघडल्यासारखे प्रकट होत. एकदा कुणीतरी उघडं शटर पाहून अर्धा किलो गूळ मागितला. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, घरातला दिलाही. गाडी धुतल्यावर पाणी रस्त्याकडे जावं म्हणून फरशीला दिलेला उतारही कुणाच्या ध्यानात आला नव्हता. त्यांच्या धाकट्याच्या गोट्या खेळ संपायच्या आत आपोआप दाराशी जाऊन थांबत. खाटेच्या दोन पायांखाली विटांचे तुकडे सरकवले, तेव्हा कुठे साहेबांचं झोपेत घसरणं थांबलं. पहिल्या पावसात भिंती ओलावल्या आणि त्यांच्यात मुरलेली मिरची जागी झाली. साहेब कोल्हापूरकडचे, तिखटाचा अभिमान बाळगणारे. पण रात्रभर ठसकत बसले, आणि आम्हाला उगीचच जिंकल्यासारखं वाटलं.

नवापूरच्या स्टेशनावर एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तशीच ही खोली, पाय बाहेरच्या जगात टाकून घरात बसलेली. वर सातपुड्यात, धडगावकडे, पावरा-भिल्लांच्या जुन्या घरांत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली नांदत आली आहेत. आम्ही शहाणे, गुरांना गोठा बांधला, गाडीला गाडीखाना बांधला, आणि एवढा वळसा घालून त्यातच माणसाची खाट टाकली.

साहेबांची बदली झाली. मग घरात पुन्हा मोटार आली, तोवर गाडीखान्याला गाडीची सवय राहिली नव्हती. ती बाहेर निंबाखाली उभी असते. तिच्या टपावर लिंबोळ्या पडतात, आणि मागे शटरवर वडिलांच्याच अक्षरात रंगवलेलं आहे, ‘येथे गाडी उभी करू नये.’

गुडघ्यांनी जिना नाकारल्यापासून वडीलच तिथे राहतात. मी फरशी सपाट करून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. खाटेवरून उठलं की खोलीच दारापर्यंत पोचवते. परतताना चढ लागतो, पण तेव्हा आईला हाक मारता येते.