जर्मनीविषयी आमची तक्रार

परभणीच्या माणसाला परगावी नुसतं गाव सांगून सुटता येत नाही. पुण्यात, मुंबईत, कुठंही 'परभणीचा' म्हणायचा अवकाश, समोरच्याचा चेहरा उजळतो. "म्हणजे, जगात जर्मनी!" आपण "भारतात परभणी" म्हणून त्याची ओळ पुरी करून द्यायची आणि मगच कामाचं काढायचं. तीस वर्षं झाली, मी ही ओळ पुरी करतोय. लग्नात, दवाखान्यात, एकदा तर सांत्वनाला गेलो होतो तिथंसुद्धा. हिंदीवाला भेटला तर "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ऐकवतो. त्याचं एक बरं असतं, ओळ तो स्वतःच पुरी करतो.

ही म्हण कोणी काढली, याबद्दल दर पानटपरीवर वेगळं मत आहे. कोणी महायुद्धाचा दाखला देतो, की जर्मनी जशी साऱ्या जगाशी भांडली तसे आम्ही साऱ्यांशी भांडतो. कोणी कृषी विद्यापीठाचं आंदोलन सांगतो. भांडलो नसतो तर १९७२ ला विद्यापीठ परभणीला आलंच नसतं म्हणतात. तिसरा म्हणतो, काही नाही, यमक जुळलं. मला तिसरा पटतो. पण यमक जुळवताना समोरची पार्टी कशी आहे याची चौकशी करायला नको? आपल्याकडं मुलगी बघायला गेलं की निदान 'गाणं येतं का' एवढं तरी विचारायची पद्धत होती. जर्मनीला ते कोणी विचारलं नाही. सोयरीक झाली, रिक्षांच्या पाठीवर रंगवूनही झाली, आणि आता सत्तर वर्षांचा निकाल समोर आला आहे.

निकाल मला पुतण्यानं सांगितला. लेकरू श्टुटगार्टला नोकरीला आहे. मे महिन्यात एके दिवशी भल्या पहाटे त्याचा फोन. इतक्या पहाटे फोन म्हणजे काय असतं ते माहीत असल्यानं मी उठून बसलो.

"काका, जर्मनी पुन्हा शेवटली आली."

"कशात?"

"गाण्यात."

युरोपात युरोव्हिजन नावाची गाण्याची स्पर्धा असते. दरसाल एकेक देश एकेक गाणं पाठवतो. गाणं तीन मिनिटांच्या वर जायचं नाही आणि स्टेजवर सहाच्या वर माणसं नकोत. (आमच्या भजनी मंडळाचा तीन मिनिटांत तबलासुद्धा लागत नाही, आणि सहा तर नुसते टाळकरी असतात.) प्रत्येक देशाच्या परीक्षकांनी आणि लोकांनी दुसऱ्यांच्या गाण्यांना वेगवेगळे गुण द्यायचे, जास्तीत जास्त बारा. पहिली स्पर्धा १९५६ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडच्या लुगानो गावात झाली. सातच देश होते, त्यांत जर्मनी होती. त्याच वर्षी एक नोव्हेंबरला आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. तेव्हापासून जर्मनी गुणांची वाट बघते आणि आम्ही अनुशेषाची.

ज्या देशात बाख आणि बेथोव्हेन जन्मले, त्या देशाला १९६४ ला शून्य गुण मिळाले. १९६५ ला पुन्हा शून्य. १९९५ ला एक. १९९६ ला नुसत्या ध्वनिफिती ऐकून आधी चाळणी लावली, त्या चाळणीतून जर्मनी खाली पडली आणि त्या वर्षी स्टेजवर दिसलीच नाही. इतक्या वर्षांत ती गैरहजर असलेलं हे एकच वर्ष. २०१५ आणि २०१६ ला लागोपाठ शेवटली. २०२२ आणि २०२३ ला पुन्हा लागोपाठ शेवटली. २०१७, २०१९ आणि २०२१ ला मात्र तिनं २६ जणांत पंचविसावा क्रमांक काढला. मध्ये २०१८ ला चौथी कशी आली, याचा उलगडा तिचा तिलाही झाला नसावा.

यातलं २०१५ चं प्रकरण मला फार लागलं. देशात आधी निवड झाली. आंद्रेआस क्युमर्ट नावाचा गायक भरघोस मतांनी जिंकला. निकाल पुकारला, टाळ्या झाल्या, आणि तो माइकवर म्हणाला, मला नको, हिला पाठवा. शेजारी दुसऱ्या क्रमांकाची अॅन सोफी उभी होती. तिला पाठवलं. व्हिएन्नाला गेली आणि शून्य घेऊन आली. आमच्याकडं सोसायटीपासून झेडपीपर्यंत इतक्या निवडणुका झाल्या, पण निवडून आलेला माणूस गुलाल अंगावर असताना 'मला नको, हिला द्या' म्हणाल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही. यापुढं आमची बरोबरी करताना जर्मनीनं याचा विचार करावा. त्या रात्री यजमान ऑस्ट्रियालाही शून्यच मिळालं, हा तिला एक आधार. भाऊबंदाचंही पीक गेलं की आपलं दुःख जरा हलकं होतं, ते आम्हाला समजू शकतं.

आणि २०२१. पुतण्यानं ते गाणं मला पाठवलं. गाणारा पोरगा हसतमुख होता, हातात छोटी गिटारीसारखी युकुलेली. त्याच्या बाजूला एक बाई भल्यामोठ्या पंजाचा पोशाख घालून नाचत होती. म्हणजे बाई आत आणि बाहेर तळहात, वर माणसाएवढी बोटं. मी ते तीनदा बघितलं. घरातल्यांना बोलावून दाखवलं. आमच्या गल्लीत गणपतीत फॅन्सी ड्रेस असतो, त्यात एका पोराला दरसाल वांगं करतात. त्या वांग्याला निदान उत्तेजनार्थ तरी मिळतं. जर्मनीला तीन गुण मिळाले.

जिंकली नाही असं नाही. १९८२ ला इंग्लंडातल्या हॅरोगेटला निकोल नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीनं पांढरी गिटार घेऊन शांततेचं गाणं म्हटलं आणि पहिली आली. जिंकल्यावर तेच गाणं तिनं चार भाषांत म्हणून दाखवलं. त्या गाण्याचे संगीतकार राल्फ सीगल. त्यांची वीसहून जास्त गाणी या स्पर्धेत उतरली, पहिली आली ती तेवढी एकदाच. तरी माणूस अर्ज भरतच राहिला. हे मात्र परभणीला शोभेल असं आहे. पुढं २०१० ला लेना जिंकली, ती इंग्रजी गाण्यावर. सत्तर वर्षांत दोन विजय, त्यातला जर्मन भाषेतला एक.

आता कोणी विचारेल, इतकी वेळा आपटूनही हिला पुन्हा पुन्हा स्टेजवर घेतात काहून? त्याचं कारण ऐकून मला जर्मनी पहिल्यांदा आपली वाटली. स्पर्धेचा खर्च देशादेशांच्या वाहिन्या उचलतात आणि सगळ्यात जास्त वर्गणी देणाऱ्यांना सरळ अंतिम फेरीत जागा असते. २००० पासून तसा नियमच आहे. जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, इटली, आणि २०२५ पर्यंत स्पेन. बाकीच्यांनी उपांत्य फेरीत घसा कोरडा करायचा, यांनी पावती दाखवून आत जायचं. मंडळाचा मोठा देणगीदार आरतीला उभा राहिला की त्याचा सूर लागो न लागो, ताट त्याच्याच हातात असतं. फरक इतकाच, की आमच्याकडं देणगीदाराला नंतर कोणी गुण देत बसत नाही.

गुणांतही भावकी आहेच. सायप्रसचे बारा ग्रीसला आणि ग्रीसचे बारा सायप्रसला, हे इतकं पक्कं ठरलेलं की तिकडची पोरंसोरंही आधीच सांगतात. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. जर्मनीची अडचण अशी, की तिला लागून नऊ देश, पण भावकी एकही नाही. तिच्याकडून उसने घेतलेले सगळे आहेत, पण उसने घेणारा गुण देतो असं आमच्या अनुभवात तरी नाही.

गाण्याचंच म्हणाल तर आमची बाजू बघा. जनाबाई गंगाखेडची. जात्यावर बसून जे गायली ते सातशे वर्षं टिकलं. तीन मिनिटांची अट नव्हती, वर्गणी नव्हती, पंजाही नव्हता. ती स्वतःला ज्यांची दासी म्हणवते ते नामदेव नरसीचे. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. परराज्यात, परभाषेत जाऊन इतकं टिकलेलं गाणं जर्मनीनं दाखवावं. अर्थात नरसी आता आमच्यात नाही. १९९० ला जर्मनी जुळली, ते बघून की काय, १९९९ ला आमचा जिल्हा तोडला. हिंगोली वेगळी झाली, तिच्याबरोबर नरसी गेली, औंढा नागनाथ गेला. नामदेव तिकडं, जनाबाई इकडं. बर्लिनची भिंत पडली तेव्हा टीव्हीवर दाखवली होती; आमची उभी राहिली तेव्हा राजपत्रात आली.

अशा आम्हाला त्या स्पर्धेत स्थान काय, तर २०२३ पासून जे देश गात नाहीत त्यांच्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं. त्या गटाचं नाव 'रेस्ट ऑफ द वर्ल्ड', म्हणजे उरलेलं जग. भारत, चीन, ब्राझील सगळे एका पोत्यात, आणि लोकांच्या मतांत त्या पोत्याचं वजन एका देशाएवढं. तालुक्याच्या गावाएवढी वस्ती असलेल्या सान मारिनोचं जेवढं, तेवढंच. जगात जर्मनी, भारतात परभणी. आणि प्रत्यक्ष जर्मनीच्या दारात गेलं तर परभणी उरलेल्या जगात.

तरीही सोयरीक ती सोयरीक. २०२३ च्या १३ मेला मी मत द्यायचं ठरवलं. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे इकडचे साडेबारा. गच्चीवर बाज टाकली होती, दिवसभर तापलेला स्लॅब खालून भाजत होता, कूलर पाणी संपल्यानं नुसता खडखडत होता. जर्मनीची मंडळी लाल चमचमते कपडे घालून ओरडून गेली. हँबुर्गची आहेत म्हणे. मी चष्मा लावला, देशाच्या यादीत भारत शोधला, जर्मनीवर बोट ठेवलं, कार्डाचा नंबर टाकला. बायको जागी झाली.

"काय करायलाव एवढ्या रात्री?"

"जर्मनीला मत द्यायलोय."

"आपल्या वार्डात उभी हाय का ती?"

पडद्यावर ओटीपी टाका म्हणून चौकट आली. ओटीपी येईना. फोन वर धरला, गच्चीच्या चारही कोपऱ्यांत फिरलो, टाकीवर चढलो. दोनदा पुन्हा मागवला. अडीचच्या सुमारास चौकटच नाहीशी झाली. साडेचारला निकाल लागला. जर्मनी शेवटली, गुण १८. पुतण्याचा फोन आला, मी उचलला नाही. पावणेपाचला, नळ आला म्हणून मोटार लावायला खाली उतरलो, तेव्हा खिशात फोन वाजला. तिन्ही ओटीपी एकदम आले होते. प्रत्येक ओटीपी पाच मिनिटंच चालेल असं खाली लिहिलं होतं.

जर्मनी २०२४ ला बारावी आली. त्यात माझा हात नाही. स्पर्धा दरसाल मे महिन्यातच असते. रात्री अडीच वाजता ज्यांच्या फोनवर ओटीपी वेळेत येतो, अशा परभणीकरांनी तेवढं आधी कळवावं. बाज, चहा आणि टाकीवर चढायची शिडी माझ्याकडून.