रावपुऱ्यात एक एत्तो

रावपुऱ्याच्या टॉवरपाशी भर दुपारी एक वाजता स्कूटर लावायला जागा मिळणं म्हणजे पत्रिका जुळण्यातलाच प्रकार. प्रस्तुत लेखकाला त्या दिवशी ती मिळाली. मागच्या सीटवर मिलानहून सुट्टीवर आलेला भाचा होता. चार दिवस त्याने एकाच शब्दाने घर डोक्यावर घेतलं होतं: डेली.

"मामा, तुला कळतच नाहीये. दुपारी ऑफिसातून खाली उतरायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात काचेसमोर उभं राहायचं, हवं ते बोटाने दाखवायचं, तोलून घ्यायचं, पावात घालून तिथेच खायचं. पंधरा मिनिटांत जेवण. आपल्याकडे आहे का असलं काही?"

मामा टॉवरकडे बघत गप्प राहिला. महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६ साली उभा राहिलेला हा मनोरा बडोदेकरांना कठीण प्रसंगी वर बघायला फार उपयोगी पडतो.

भाच्याचं चालूच होतं. डेली हे नाव अमेरिकेतलं, मूळ शब्द जर्मन, खुद्द इटलीत म्हणायचं सालुमेरिया. हे ऐकून मामाने चकित व्हावं अशी त्याची अपेक्षा दिसली. पण दांडिया बाजारातल्या कॅनरा कॉफी हाउसची 'पूना मिसळ' खात ज्याची हयात गेली, तो असल्या गोष्टींनी काय चकित होणार? पाटी कानडी, मिसळ पुण्याची, गाव गुजरातचं आणि खाणारे अर्धे देशस्थ-कोकणस्थ. शिवाय मिसळीने इथे गुजराती सासर पत्करून 'सेव-उसळ' हे नाव घेतलं, त्यालाही जमाना झाला. पांढरे वाटाणे, वर मूठभर जाड शेव, तरी वेगळ्या भांड्यात. ती किती ओतायची, हे ज्याच्या त्याच्या पोटावर सोपवलेलं.

आणि इटलीचं म्हणाल तर बडोद्याला तिचं वावडं कधीच नव्हतं. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेइकची. ऑगस्टो फेलिची हा इटालियन शिल्पकार सयाजीराव महाराजांच्या पदरी राहून इथे पुतळे घडवत होता. इटली अशी आधी फरशीवर आली, मग चौथऱ्यावर चढली. पानात उतरायला मात्र तिला कितीतरी वर्षं लागली, आणि उतरली ती कांदा-लसूण सोडून.

जैन पिझ्झा, त्यावर शेजारच्या आणंदच्या अमूलचं किसलेलं चीज, आणि लग्नाच्या बुफेत अननसाचे तुकडे घातलेली बेक्ड मॅकरोनी, ही गुजरातची इटली. आदल्याच रात्री एका लग्नात भाच्याने त्या मॅकरोनीसमोर उभं राहून व्याख्यान दिलं होतं: अस्सल पार्मेझान करताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. त्याच्या मागे रांगेत असलेल्या तिघी जणी निमूटपणे पुरणपोळीच्या काउंटरकडे वळल्या.

"चल," मामा म्हणाला, "तुला डेली दाखवतो."

फरसाणाच्या दुकानात शिरल्यावर भाचा जरा नरमला. काच होती. काचेमागे खमण, पात्रा, लीलो चेवडो आणि भाकरवडी होती. पात्रा म्हणजे आपली अळूवडी. मधल्या परातीत पिवळ्याधमक सुरळ्या एकावर एक रचलेल्या, वर मोहरी, तीळ, खोबरं आणि कोथिंबीर. बडोद्याच्या मराठी घरात याचा नियम पक्का आहे. घरी केली तर सुरळीची वडी, दुकानातून आणली तर खांडवी. पाहुण्यांनी तारीफ केली, तर आणलेलीसुद्धा सुरळीची वडी.

"हे बेसन आहे ना?" भाच्याने विचारलं आणि त्याचा चेहरा बदलला.

कारण जेनोआत बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचं पातळ पीठ भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. त्याचं नाव फारिनाता. थोडक्यात, न उलटलेलं धिरडं. दंतकथा अशी की १२८४ साली मेलोरियाच्या लढाईत पिसावाल्यांना हरवून येताना जेनोआची जहाजं वादळात सापडली, बेसनाची नि तेलाची पिंपं फुटली, खारं पाणी शिरलं, आणि तो चिखल उन्हात वाळला तेव्हा चविष्ट निघाला. लिव्होर्नोत हेच पावात घालून मिळतं. त्याला 'पाच आणि पाच' म्हणतात, कारण पूर्वी गिऱ्हाईक पाच पैशांचा पाव नि पाच पैशांचं धिरडं मागायचं. आणि खाली सिसिलीत, पालेर्मोत तर कमालच. बेसन पाण्यात घट्ट होईस्तोवर घोटायचं, पातळ थापायचं, तुकडे कापून तळायचे, वर लिंबू पिळून तीळ लावलेल्या पावात भरायचे. नाव पानेल्ले.

"म्हणजे तळलेली सुरळीची वडी," मामा म्हणाला. "पावात. फक्त ताक घालायला विसरले."

भाच्याने यावर वाद घातला नाही. त्याने काचेवर बोट ठेवलं आणि जिभेवरच्या मिलानी सवयीने म्हणाला, "एक एत्तो." मग ओशाळून, "सो ग्राम." इटलीत हॅम, चीज सगळं एत्तोवर मागतात. एत्तो म्हणजे बरोबर शंभर ग्रॅम. रावपुराही शंभरावरच चालतो.

काउंटरमागच्या काकांनी चिमट्याने सुरळ्या उचलून काट्यावरच्या कागदावर ठेवल्या. लाल आकडे ८४ वर थांबले. आणखी एक ठेवली, ९७. काकांनी एक नजर भाच्याकडे टाकली, दोन सुरळ्या एकदम टाकल्या. १२१.

"थोडुं वधारे छे," काका म्हणाले. "रहेवा दउं?"

भाचा मोठ्याने हसला. मिलानमध्ये रोज दुपारी काउंटरमागचा माणूस हाच डाव टाकतो, म्हणाला. काटा शंभरापुढे नेतो आणि निरागस चेहऱ्याने विचारतो, "के फाच्चो, लाशो?" काय करू, राहू दे?

"मग तू काय म्हणतोस?"

"आजवर एकदाही 'नको' म्हणता आलं नाही."

काका अजून उत्तराची वाट बघत होते. त्यांचा चिमटा तिसऱ्या सुरळीकडे निघाला होता.