वाढत्या मापाची स्की

स्कीच्या कुठल्याही जोडीवर तीन आकडे छापलेले असतात. १२८, ८८, ११० असे काहीसे. पहिला टोकाच्या रुंदीचा, मधला कमरेचा, तिसरा शेपटीचा, सगळे मिलिमीटरमध्ये. लाकूड, धातू आणि प्लास्टिक एकमेकांवर चिकटवून केलेल्या पट्टीला कंबरही असते आणि शेपूटही, हे कळल्यापासून तिच्याकडे निव्वळ क्रीडासाहित्य म्हणून बघणं मला जमेनासं झालं आहे. डोंगराच्या कुशीत पसरून पडलेला, उन्हाळा लागला की दिसेनासा होणारा एखादा लांबुडका, आळशी प्राणी असावा तशी ती वाटते. आणि ऐन उन्हाळ्यातच मी तिच्या शोधात आहे. ठिकाण छत्रपती संभाजीनगरचा गारखेडा, सूतगिरणी चौकाच्या अलीकडे. बाहेर ४२ अंश. कूलर घरघरतो आहे आणि समोरच्या पडद्यावर प्रश्न असा, की कमरेला ८८ बरी की ९४. नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात बसून गोठलेल्या पाण्याची अशी बारकाईनं चिकित्सा करणारा माणूस घरच्यांना कसा दिसत असेल, याची कल्पना मला आहे. बायको पडद्यात डोकावते, काही न बोलता पन्ह्याचा पेला ठेवून जाते. तिचं ते न बोलणं फार सविस्तर असतं.

वैशाखात हा उद्योग करायला कारण आहे. युरोपातला हंगाम एप्रिलअखेर संपतो आणि दुकानदार सरत्या वर्षाच्या स्की उतरवलेल्या भावानं काढून टाकतात. माझा भाचा म्युनिकला नोकरीला आहे. दिवाळीला येताना तो सगळ्यांसाठी चॉकलेटं आणतो. यंदा त्याच्या सामानात मामासाठी एक लांबलचक पिशवी असणार, असं त्यानंच परस्पर जाहीर करून टाकलं आहे. तेव्हापासून मला या वस्तूचा अभ्यास करणं भाग पडलं.

माझी पात्रता सांगायला हवी. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. तिथल्या वर्गात मी वयाच्या मानानं फार उशिरा दाखल झालो. वर्गातली बाकीची मुलं माझ्या मुलाच्या वयाची. काश्मिरी उस्ताद मात्र सगळ्यांना एकाच सुरात, 'घुटना मोड़ो, आगे देखो' म्हणत. सुरुवातीला दोन्ही स्कीची टोकं जवळ आणून, मागे फेंगडं करून, नांगर धरल्यासारखं घसरायचं असतं. पुढल्या हिवाळ्यांत त्या फेंगडेपणातून सुटलो, दोन्ही पाय समांतर ठेवून वळू लागलो. आता बऱ्यापैकी सपाट केलेल्या उतारावरून मी प्रतिष्ठेनं खाली येऊ शकतो. उतार उभा झाला, बर्फ भुसभुशीत झाला की प्रतिष्ठा आधी खाली पोचते, मी मागाहून. अशा माणसाला त्या जगात इंटरमिजिएट म्हणतात. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएटला मला सी ग्रेड होती, त्यामुळे ही पायरी माझ्या सवयीची आहे. इथे चांगला मुक्काम होऊ शकतो.

या पायरीवरच्या माणसासाठी ज्या स्की करतात त्यांना ऑल-माउंटन म्हणतात. शर्यतवाल्यांच्या स्की सडपातळ असतात, कंबर ७० मिलिमीटरच्याही आत. टणक बर्फात त्यांची धार रुतते आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर त्या पापणी लवायच्या आत जातात. टंगमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकुलता एक खेळाडू म्हणून गेला, तो अशाच स्कीवर. उलट, गुडघाभर ताज्या भुकटी बर्फात तरंगायचं असेल तर कंबर १०० च्या पुढे हवी. रुंद स्की बुडत नाही, पण टणक उतारावर वळवताना जड जाते. या दोघींच्या मधे, साधारण ८० ते १०० च्या पट्ट्यात, आमची ऑल-माउंटन. टणकावर ती शर्यतवालीइतकी धरत नाही, भुकटीत रुंद स्कीइतकी तरंगत नाही, पण कुठेही नेली तरी मान खाली घालायला लावत नाही. कुठल्याच विषयात पहिला न आलेल्या आणि कुठल्याच विषयात नापास न झालेल्या माणसाला अशा वस्तूबद्दल जिव्हाळा वाटला तर नवल नाही. उरलेला वाद कंबरेच्या चार-सहा मिलिमीटरचा, आणि तो मिटवायचा अधिकार बर्फाचा.

बर्फाचं मात्र काही खरं नसतं. गुलमर्ग २६५० मीटरवर. तिथून गंडोला आधी कोंगडोरीला नेतो, मग दुसऱ्या टप्प्यात अफरवाटच्या खांद्यावर, जवळपास चार हजार मीटर उंचीवर. खालच्या टप्प्यावर सकाळी रात्रभर गोठलेला कडक थर, दुपारी उन्हानं त्याचा लगदा, देवदारांच्या सावलीत कालची भुकटी तशीच, आणि वर वाऱ्यानं घासून काढलेला एखादा काचेसारखा पट्टा. एकाच उतरणीत हे सगळं भेटतं. कधी काहीच भेटत नाही. २०२४ च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गची कुरणं तपकिरी कोरडी पडली होती. २०२५ ला खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चात ढकलाव्या लागल्या. त्या दिवसांत तिथली हॉटेलवाली, स्लेज ओढणारी, भाड्यानं बूट देणारी माणसं पश्चिमेकडे तोंड करून आभाळ बघत होती. ते बघणं मला ओळखीचं होतं. मराठवाड्यात आर्द्रा कोरड्या गेल्या की माणसं असंच आभाळ बघतात. डोळ्यांवर हात आडवा धरण्याची पद्धतसुद्धा तीच. काश्मीरला बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात कधीकधी वाट वाकडी करून आमच्याकडच्या दमट वाऱ्यांना येऊन भिडतात आणि मग इथे गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात त्यांनी मराठवाड्यात शेतंच्या शेतं पांढरी केली होती. काढणीला आलेला गहू आणि हरभरा त्या पांढऱ्याखाली झोपला. पांढरं शुभ्र रान बघून डोळ्यांना आधी सुंदर वाटलं आणि मग डोळ्यांचीच लाज वाटली, असा अनुभव त्या वर्षी आमच्यापैकी पुष्कळांनी घेतला. गुलमर्गला पहिल्यांदा बर्फ बघून सगळे हरखले, तेव्हा मी क्षणभर गप्प होतो त्याचं कारण हे असावं.

पण स्कीकडे वळू. तिच्या अंगात वाटतं त्यापेक्षा जास्त विचार दडलेला आहे. जुन्या स्की दोन मीटर लांब आणि जवळपास सरळसोट असत. १९९३ च्या सुमारास स्लोव्हेनियाच्या एलाननं खोल कमरेची आखूड स्की बाजारात आणली आणि सामान्य माणसाला वळणं सोपी झाली. स्की कडेवर कलती केली की तिची कंबर बर्फात आपोआप कमान काढते. ती कमान किती मोठी, तेही स्कीवर छापतात: १५ मीटर, १७ मीटर. मग शेन मॅककॉन्की नावाच्या अवलियानं उलटाच विचार केला. ताजा खोल बर्फ पाण्यासारखा वागतो, तर स्कीही पाण्यावरच्या स्कीसारखी का नको? त्यानं खरोखरच पाण्यावरच्या स्की बर्फात नेऊन बघितल्या आणि त्यातून २००२ ला स्पॅटुला नावाची, दोन्ही टोकं वर वळलेली, उलथ्याच्या नावाची स्की जन्मली. आजची ऑल-माउंटन या सगळ्यांची मध्यममार्गी नात आहे. टोक अलगद वर उचललेलं, म्हणजे लगद्यात अडकत नाही. पायाखाली मात्र जुन्या धर्तीची हलकी कमान, म्हणजे टणक बर्फात धार टेकते. दोन स्की तळाला तळ लावून धरल्या तर मधे बोटभर फट दिसते. तुम्ही उभे राहिलात की तुमच्या वजनानं ती मिटते. वजन हलकं, स्की कडक, तर ती पुरती मिटतच नाही, आणि स्की तुम्हाला मोजायचंच सोडून देते. आतलं लाकूड पॉपलरचं की पॉलोनियाचं, वर टायटॅनलचा पत्रा आहे की नाही, यावर तो कडकपणा ठरतो. पत्रा असला की वेगात स्की थरथरत नाही. पण तेवढा वेग आधी हवा.

इथे दोन मतं पडतात. एक म्हणतं, आज तुम्ही जसे आहात तशी मऊ, माफ करणारी स्की घ्या. दुसरं म्हणतं, उद्या तुम्ही सुधारणार, तेव्हा थोडी लांब, थोडी कडक घ्या, म्हणजे वर्षभरात अपुरी पडणार नाही. हे दुसरं मत ऐकलं आणि मला गुलमंडीतला शिंपी दिसला. दरवर्षी जूनमध्ये आई मला त्याच्यासमोर उभं करायची. तो खाकी चड्डीचं माप घ्यायचा आणि प्रत्येक आकड्यानंतर आई म्हणायची, "दोन बोटं जास्त धरा. लेकरू वाढतंय." बूटही तसेच. पुढच्या टोकात कापसाचा बोळा घालून मी आख्खं वर्ष शाळेत जायचो, दुसऱ्या कुणा मोठ्या मुलाचे पाय उसने आणल्यासारखा. त्या कपड्यांमुळे मी बावळट दिसायचो यात शंका नाही. पण कुणीतरी आपल्याला दरवर्षी दोन बोटं मोठं धरतं आहे, त्या रिकाम्या जागेचे पैसे मोजतं आहे, हे किती अप्रूपाचं होतं ते तेव्हा कळलं नाही. पुढे सगळंच मापाचं होत गेलं. चष्म्याचा नंबर, पगार, पँटची कंबर. जे वाढलं त्याबद्दल डॉक्टरांची बोलणी खाल्ली. आता या वयात दूरदेशीचा कुणी अनोळखी कारागीर मला सांगतो आहे की थोडी वाढत्या मापाची घ्या, तुम्ही सुधाराल. माणूस स्कीला नाही म्हणेल एक वेळ. त्या गृहीतकाला कसं म्हणणार?

अर्थात त्याच जगात एक तक्ता आहे, तो असं गोड बोलत नाही. स्कीवर बूट धरून ठेवणारी पकड असते, तिला बाइंडिंग म्हणतात. माणूस पडला की तिनं वेळेवर पाय सोडला पाहिजे, नाहीतर गुडघा जातो. उगाच सोडला तर माणूस जातो. किती जोरानं धरायचं हा आकडा वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची घसरण्याची वृत्ती यावरून काढतात. वृत्तीचे प्रकार तीनच: सावध, मधला, बेधडक. ज्यानं त्यानं स्वतःचा प्रकार स्वतः सांगायचा. माणसाच्या स्वभावाचं इतकं आटोपशीर वर्गीकरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मग येतं वय. वय ५० किंवा पुढे असेल तर एक ओळ वर सरकायचं, म्हणजे पकड जरा सैल. आणि ही सवलत आणखी एकाच वयोगटाला आहे: ९ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना. म्हणजे दहा ते एकोणपन्नास या चाळीस वर्षांत तुम्ही एका ओळीत उभे, आणि त्याच्या अलीकडचे नि पलीकडचे पुन्हा एका ओळीत. तक्ता करणाऱ्यानं हाडांचा विचार केला असणार, दुसरं काही नाही. मला मात्र ती ओळ पटली. खाकी चड्डीतला तो आणि मी, दोघांच्याही पायांवरची पकड जरा ढिली ठेवा, अशी शिफारस कुणीतरी लेखी करून ठेवली आहे.

मधल्या काळात मी शहराकडेही स्कीवाल्याच्या नजरेनं बघू लागलो आहे. आमच्याकडे उतार फार नाहीत. सेव्हन हिलचा उड्डाणपूल, त्याची उतरणारी बाजू चांगली आहे, पण शेवटी सिग्नल लागतो. गोगाबाबा टेकडीला श्रावणात हिरवळ येते तेव्हा तिच्या एका अंगावर मी मनातल्या मनात डावं-उजवं करत खाली येतो. विभागीय क्रीडा संकुलात सकाळी फिरताना गुडघे थोडे वाकवून, भार पुढे घेऊन चालायचा सराव करतो. समोरून येणारे ज्येष्ठ नागरिक थांबून विचारतात, "गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हणतो, बरं आहे. गुलमर्ग, झंझावात आणि टायटॅनल एवढं सगळं सकाळी सहाला सांगत बसणं कुणालाच परवडणार नाही.

काल भाच्याचा फोन आला. दुकानात उभा होता, मागे स्कीचं रान दिसत होतं. "मामा, कंबर ८८ घेऊ. तुमच्या त्या खिचडी बर्फाला बरी. लांबी सांगा. उंची १७२ ना तुमची? १५६ ची नाकापर्यंत येईल, १६४ ची कपाळापर्यंत. माझं ऐकाल तर १५६. वळवायला सोपी."

"१६४ घे," मी म्हणालो.

"जड जाईल मामा सुरुवातीला."

"जाऊ दे रे. पुढच्या दोन वर्षांत बसेल बरोबर."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "घेतो. पण बूट मात्र अगदी पायाच्या मापाचे लागतात, सांगून ठेवतो. आत बोट सरकलं तर स्की वळणार नाही. कापूस घालून चालत नाही त्यात."

कापसाचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं, तर हसला.

"आईनंही तसेच घालून पाठवलंय मला दोन वर्षं शाळेत. आजीचीच लेक ना ती."